पिवळी पालवी

१

माती काढायचं गिरमिट अर्ध्यावर अडलं. पानवाल्या बाईंनी दात-ओठ खाऊन ते फिरवलं, वर ओढलं, आणि पाहतात तो पात्यांना तांबड्या मातीऐवजी पांढरा, लोण्यासारखा चिकट लगदा लागलेला.

त्यांनी तो चिमटीत घेऊन चोळला. बोटं चुरचुरली. चुना.

"इथं कधी काही बांधकाम झालं होतं का?" त्यांनी मागं उभ्या असलेल्या सुनेला विचारलं.

"इथं? नाही हो," कडेवरच्या बाळाला सावरत सून म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून इथं मोसंबीच आहे."

बाई माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. बागांमधून हिंडायचं, झाडाला काय कमी पडतंय, काय जास्त झालंय ते पानावरून सांगायचं, हा त्यांचा धंदा. म्हणून त्या पानवाल्या बाई. "माणसं हात दाखवायला ज्योतिषाकडे जातात, झाडं पान दाखवायला माझ्याकडे येतात," असं त्या म्हणत, आणि म्हणताना चुकूनही हसत नसत.

सुनेनं त्यांना आपण होऊन बोलावलं होतं. तिचा नवरा, या बागेचा थोरला मालक, घर सोडून निघून गेला होता. ती बाळंतपणाला माहेरी असताना गेला आणि पावसाळ्यात ती बाळाला घेऊन परत आली तेव्हा घरात सासू आणि धाकटा दीर एवढेच उरले होते. गेलेला माणूस परत येईल तेव्हा त्याची बाग त्याला नीट दिसली पाहिजे, एवढीच तिची इच्छा होती. सकाळपासून बाई रांगेरांगेनं फिरल्या होत्या. बऱ्याच झाडांची जुनी पानं कडेनं पिवळी पडली होती आणि देठाजवळ मात्र हिरवं त्रिकोणी ठिगळ राहिलं होतं. ती मॅग्नेशियमची कमतरता. काही झाडांची पानं अरुंद, आखूड. तिथं जस्त कमी. यात जगावेगळं काही नव्हतं. जगावेगळी होती ती कोपऱ्यातली चार झाडं. त्यांचे शेंडे हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे होते.

घरातून निघताना सासू म्हणाली होती, "त्या कोपऱ्यात कशाला जाता? ती झाडं पहिल्यापासून तशीच आहेत. करंटी."

बाईंनी चारही झाडांच्या मधोमध गिरमिट पुन्हा लावलं. या वेळी ते सहज उतरलं, जणू तिथली माती कुणीतरी आधीच उकरून ठेवली होती. वर आलं तेव्हा पात्यात कापडाची चिंधी अडकली होती. चौकड्याच्या शर्टाची पट्टी, तिला एक बटण.

सून पुढं झाली. तिनं ते बटण दोन बोटांत धरलं आणि नुसती बघत राहिली.

"निळा दोरा," ती म्हणाली. "पांढरा संपला होता म्हणून मी निळ्या दोऱ्यानं लावलं होतं. ते म्हणाले होते, कोण बघतंय."

२

फौजदार आले, खड्डा खणला, आणि थोरला सापडला.

पोलिसांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मागून डोक्यात घाव बसलाय, फावड्यासारख्या कशाचा तरी. पण मरून किती दिवस झाले ते त्यांना सांगता येईना. "खाली चुन्याचा थर, वर चुन्याचा थर. लोकांना वाटतं, चुना देह खाऊन टाकतो. खरं तर तो राखतो. ज्यानं घातला त्यानं स्वतःलाच चुना लावून घेतलाय," डॉक्टर म्हणाले, आणि आपलंच बोलणं आवडलं नसल्यासारखे कागद आवरू लागले.

फौजदारांनी घरातल्यांना एकेक करून बोलावलं. खोलीत एक लांब टेबल, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या. नमुने घेताना काय दिसलं ते सांगायला बाईंना कोपऱ्यात बसवलं होतं.

धाकटा बोलताना मान वर करत नव्हता. "दादा फुलोऱ्यातच गेला. वहिनी माहेरी गेल्यावर थोड्याच दिवसांत, थंडी सरता सरता. पहाटे उठून पाहिलं तर अंथरूण रिकामं. आम्हाला वाटलं, वहिनीशी भांडण झालं होतं, त्याचा राग. बागेतल्या मजुरांचा मुकादमही त्याच पहाटेपासून दिसला नाही. तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही. आता येतंय."

"मुकादमाचं आणि त्याचं काही वाकडं होतं?"

"सगळ्या बागेला माहीत आहे. विहिरीचं पाणी चोरून कुणाला तरी देतो म्हणून दादा त्याला चारचौघांत बोलला होता. आणि खोडांना लावायचा चुना मुकादमाच्याच ताब्यात असायचा."

आई आली. वाकलेली, पण नजर कडक. नवरा गेल्यावर हीच बाग तिनं एकटीनं वाढवली होती. तिनं एकच वाक्य सांगितलं. "फुलोऱ्यात गेला माझा पोरगा."

सून मात्र खूप बोलली, आणि सगळं स्वतःविरुद्ध. "जाताना मी भांडून गेले होते. म्हटलं, आधी ते फोन करतील. त्यांना वाटलं असेल, आधी मी करीन. मग कळलं की ते निघूनच गेले. माझ्यामुळे गेले, असं मी इतके महिने धरून चालले होते हो."

बाग वस्तीपासून लांब. तोडणी संपली की मजूर आपापल्या वाटेनं जात. त्या दिवसांत थोरल्याला कुणी पाहिलं, कुणी नाही, हे सांगणारं तिसरं माणूसच नव्हतं.

संध्याकाळच्या आत फौजदारांनी मुकादमाला दूरच्या एका दगडाच्या खाणीवरून उचलून आणलं.

३

"मालकांनी मला काढलं, हे खरं," मुकादम म्हणाला. रुंद हाडाचा माणूस, पण खुर्चीत अंग चोरून बसला होता. "पण फुलोऱ्यात नाही साहेब. झाडावर हरभऱ्याएवढी फळं धरली होती तेव्हा. मालक स्वतः फाटकापर्यंत आले, म्हणाले, चालता हो. मी त्याच दिवशी बायकापोरं घेऊन खाणीवर गेलो. तिथून एक दिवस हललो नाही. ठेकेदाराला विचारा."

फौजदारांनी आधीच विचारलं होतं. ठेकेदार शपथेवर सांगत होता की हा माणूस उन्हाळा लागताच आला तो खाणीतच राहिला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

"म्हणजे मधल्या दिवसांचा प्रश्न आहे," तो बाहेर गेल्यावर फौजदार बाईंना म्हणाले. "थोरला फुलोऱ्यात मेला असेल तर त्या वेळी मुकादम बागेतच होता. खून केला, काही दिवस कुठंतरी लपला आणि मग खाणीवर गेला. नंतर मेला असेल तर हा सुटला. पण सख्खी आई आणि सख्खा भाऊ फुलोऱ्यात म्हणतात. पोटच्या पोराच्या बाबतीत आई कशाला खोटं बोलेल? आणि झाडांना तर तोंड नाही."

"आहे की," बाई म्हणाल्या. "उलटतपासणी नीट घ्यायला हवी, एवढंच."

फौजदारांना ही थट्टा वाटली. मुकादमाला कोठडीकडं नेताना बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. बाईंना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. पान चुकीचं वाचलं तर फार तर एक हंगाम जातो. इथं माणूस जाणार होता.

४

सकाळी त्यांनी फौजदारांना कोपऱ्यातल्या झाडांपाशी नेलं. खड्ड्याभोवती दोरी बांधलेली होती.

"हे शेंड्याचं पान बघा." त्यांनी एक पान तोडून उजेडाकडं धरलं. सगळं पान पिवळंधमक, आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी. "याला लोह मिळालेलं नाही. मातीत लोह आहे, बाकीच्या बागेला मिळतंय. पण चुना मुरला की मुळांना ते उचलता येत नाही. भरल्या ताटापुढं उपाशी. ही पावसाळ्यातली पालवी."

"बरं."

"आता त्याच फांदीवर खाली या. ही जाड, गडद पानं फुलोऱ्याबरोबर आलेली. ही कशी आहेत?"

फौजदारांनी वाकून पाहिलं. "हिरवी. चांगली हिरवी."

"लोहाचा एक गुण आहे साहेब. एकदा पानात शिरलं की तिथंच बसतं. जुन्या पानाकडून नव्याकडे जात नाही. म्हणून चुना मुरण्याआधी जी पानं पोट भरून जून झाली ती हिरवी राहिली, नंतर जन्मलेली उपाशी राहिली. फुलोऱ्यात इथं चुना पुरला असता तर काय झालं असतं? तेव्हा बागेला पाणी चालू असतं. चुना लगेच विरघळून मुळांपर्यंत गेला असता, आणि ही खालची पानं, जी तेव्हा कोवळी होती, तीही पिवळी पडली असती. फळ हरभऱ्याएवढं असतानासुद्धा ही पानं कोवळीच असतात. ती जून होतात भर उन्हाळ्यात. चुना त्याच्यानंतर आला."

फौजदारांनी खड्ड्याकडं पाहिलं. "खून आधी आणि चुना नंतर, असं?"

"प्रेताच्या खाली चुना, वर चुना. डॉक्टरच म्हणाले. दोन्ही एकाच वेळचे."

"म्हणजे मुकादम तेव्हा खाणीवर होता." फौजदारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "आणि घरातली दोघं खोटं बोलली. दोघंही."

बाई खालच्या एका फांदीवर भिंग धरून उभ्या होत्या. तिथंही पावसाळ्यातली पालवी होती, पण ती पिवळी नव्हती. तिच्यावर हिरवे ठिपके होते, शेकडो, देवीच्या व्रणांसारखे. काही ठिकाणी ते एकमेकांत मिसळून पान जवळजवळ सावरलं होतं.

"साहेब," बाई हळूच म्हणाल्या, "या झाडांवर कुणीतरी इलाज केलाय."

५

लोहाची, म्हणजे हिराकसाच्या पाण्याची, फवारणी केली की जिथं थेंब पडतो तिथंच पान हिरवं होतं. बाई चारही झाडांना फिरून आल्या. ठिपके फक्त घराच्या बाजूला होते, आणि तेही छातीच्या उंचीपर्यंत. वरचे शेंडे तसेच पिवळे. मागची बाजू तशीच पिवळी. बागेत बाकी एकाही झाडावर असा ठिपका नव्हता.

"ज्यानं चुना पुरला त्याला चुना झाडाला काय करतो ते ठाऊक नव्हतं," घराकडं चालताना बाई म्हणाल्या. "ठाऊक असतं तर मोसंबीच्या मुळाशी त्यानं तो घातलाच नसता. आणि ज्यानं फवारलं त्याला पान बघताक्षणी रोग कळला, औषधही कळलं. ही दोन वेगळी माणसं आहेत. एकाला पान वाचता येत नाही. दुसऱ्याला येतं, आणि त्यानं हे पिवळेपण सुनेच्या नजरेआड ठेवायला पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हीच बाजू दिसते."

"उंची छातीपर्यंत. म्हणजे वाकलेलं माणूस," फौजदार स्वतःशीच म्हणाले, आणि थबकले. "बाई, तुम्ही म्हणताय ते..."

"मी काहीच म्हणत नाही. चला."

सासू मागच्या खोलीत वाटाणे सोलत बसली होती. सून बाळाला निजवायला गेली होती. धाकटा पंपावर. बाई म्हातारीच्या समोर जमिनीवरच बसल्या आणि हात पुढं करून त्याही शेंगा सोलू लागल्या. म्हातारीच्या बाहीच्या काठावर तांबूस डाग होते, धुऊन धुऊन विटलेले पण न गेलेले.

"हिराकस," बाई म्हणाल्या. "लोहाचा डाग जात नाही ना. मीही कितीतरी कपडे घालवलेत त्यात."

म्हातारीचे हात थांबले.

"तुम्हाला पान बघूनच रोग कळला?" बाईंनी विचारलं.

मग म्हातारी बोलली, बाईंकडं न बघता, भांड्यातल्या वाटाण्यांशी बोलावं तशी.

"सून परत आली त्या दिवशी धाकटा तिला म्हणाला, दादा फुलोऱ्यातच गेला. मी आतल्या खोलीत होते, मला ऐकू आलं. फुलोऱ्यात? थोरला तर भर उन्हाळ्यापर्यंत माझ्या हातचं जेवत होता. तेव्हाच मला शंका आली. पण म्हटलं, चुकून बोलला असेल. मग पावसाळी पालवी फुटली, आणि त्या कोपऱ्यातली पिवळी आली. आमच्या मातीत असलं पान कधी येत नाही. मी बोटांनी उकरून बघितलं. वीतभर खाली चुना लागला. पुढं उकरलं नाही मी. काय गरज होती?"

"धाकट्याला विचारलंत?"

"नाही. समोरासमोर बसून जेवत होतो रोज. त्याला वाटायचं, मला माहीत नाही. मला वाटायचं, त्याला वाटू दे." तिनं मान वर केली. "दोन पोरं होती. एक मातीत गेलं. दुसऱ्याला माझ्या हातानं फासावर चढवू?"

"आणि मुकादम?" बाईंचा आवाज चढला. तो चढवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. "त्यालाही लेकरं आहेत. त्याला चढवायला निघाला होतात."

म्हातारीनं एक शेंग उचलली, सोलली, दाणे भांड्यात टाकले.

"तो माझा कोण होता?" ती म्हणाली.

मागं काहीतरी हललं. दारात सून उभी होती. किती वेळ, ते कुणालाच कळलं नाही.

६

धाकट्याला पंपाच्या खोलीतच पकडलं. हातात बेड्या पडल्यावर त्यानं एकच विचारलं, "आईला माहीत होतं?" फौजदारांनी हो म्हणताच त्यानं सगळं ओकून टाकलं.

विहिरीचं पाणी तोच चोरून पलीकडच्या बांधकामाला देत होता. आळ मुकादमावर ढकलला, थोरल्यानं विश्वास ठेवला, मुकादमाला हाकलला. पण मुकादम गेल्यावरही पाणी कमीच येत राहिलं. भर उन्हाळ्यात थोरल्याला नळीचं तोंड सापडलं, आणि ती नळी भावाच्या हातात. "मारलं नाही त्यानं मला. शिवीही दिली नाही," धाकटा म्हणाला. "म्हणाला, उद्या खाणीवर जातो, मुकादमाचे पाय धरतो, त्याला घेऊन येतो. आणि तू त्याच्यासमोर उभा राहून कबूल करायचंस. नोकरासमोर! पाठ फिरवून निघाला तो. फावडं हाताशीच होतं."

मुकादमाला सोडलं तेव्हा बाई चौकीच्या पायरीवर थांबल्या होत्या. मालक त्याचे पाय धरून त्याला परत आणायला येणार होते, हे त्यांनीच त्याला सांगितलं.

"पाय धरायला?" त्यानं विचारलं. "माझे?"

"हो."

"नुसती हाक मारली असती तरी आलो असतो," तो म्हणाला, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू त्याला तिथंच पायरीवर फुटलं.

काही आठवड्यांनी सुनेनं बाईंना पुन्हा बोलावलं. उरलेल्या बागेला काय द्यायचं ते विचारायला. चार झाडं तिनं मुळासकट काढून टाकली होती. चुन्याची माती उपसून नेली होती. घराच्या दारातच बसून बाई तिला जस्त कधी फवारायचं, मॅग्नेशियम कुठल्या रांगांना घालायचं ते समजावून सांगत होत्या. ती फार कमी बोलत होती, पण एकदा सांगितलेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. फौजदारांनी म्हातारीला हात धरून उतरवलं आणि दारापर्यंत आणलं. खून दडवल्याबद्दल तिलाही पकडलं होतं, आता जामीन मिळाला होता. खटला उभा राहीपर्यंत तिला ठेवून घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

"नको असेल तर सांगा," फौजदार सुनेला म्हणाले. "मी कुठंतरी सोय बघतो."

म्हातारी हातात एक छोटं बोचकं घेऊन उभी होती. कुणाकडं बघत नव्हती. सुनेच्या कडेवरचं बाळ तिला ओळखून खिदळलं, पुढं झेपावलं. म्हातारीचे दोन्ही हात आपोआप वर आले.

सून एक पाऊल मागं सरली.

"राहा," ती म्हणाली. "जेवायला मिळेल, अंथरूण मिळेल, आजारी पडलात तर औषध देईन. माझ्या मुलाला हात लावायचा नाही."

म्हातारीनं हात खाली घेतले. बोचकं छातीशी धरलं आणि उंबरा ओलांडून ती आत आली. ती जवळून जाईपर्यंत सुनेनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं होतं.